माझ्या मुलीच्या तळपदे मॅडम

ही वही कोणाच्या हाती लागलीच तर आधी सांगून ठेवते, ऱ्हस्व-दीर्घाकडे बघू नका. माझी शाळा चौथीला संपली. अक्षराचं म्हणाल तर ज्या वयात बोटांना पेनाची सवय लागायची त्या वयात ती शेणगोठ्यात होती, आणि लग्न होऊन मुंबईला आल्यावर मिरचीचे देठ मोडण्यात गेली. ओळ धरून लिहायला गेले तरी ओळ खाली उतरते. माफ करा. पण तळपदे मॅडमबद्दल मला तोंडाने कोणाजवळ बोलता येणार नाही, म्हणून लिहिते. खरं लिहायचं तर पहिलं हेच लिहायला हवं की त्या बाईंवर मी दोन वर्षांहून जास्त जळले.

त्यांना मी डोळ्यांनी बघितलं त्याच्या चार महिने आधीच त्या आमच्या घरात राहायला आल्या होत्या. म्हणजे माझ्या मुलीच्या, स्नेहलच्या, तोंडात. आमची लालबागची एक खोली, त्यात मी आणि ती. तिचे वडील ती सातवीत असताना गेले. मी मसाल्याच्या दुकानात बसून तिला कॉम्प्युटरची डिग्री होईपर्यंत शिकवलं. तिला लोअर परळच्या एका कंपनीत नोकरी लागली. सहा महिन्यांनी एक दिवस घरी येऊन म्हणते, "आई, मी ती नोकरी सोडली." सरकारने म्हणे योजना काढली होती. कॉम्प्युटर शिकलेली वीस-पंचवीस मुलं सरकारी कामासाठी घ्यायची, पण थेट टेबलावर बसवायची नाहीत, आधी वर्षभर शिकवायचं. परळला एका जुन्या शाळेच्या वरच्या मजल्यावर त्यांचा वर्ग भरायचा. शिकवायला तळपदे मॅडम. सगळा जन्म सरकारी कचेरीत काढून रिटायर झालेल्या, गिरगावात राहणाऱ्या.

तेव्हापासून सुरू झालं. "मॅडम म्हणतात."

पहिल्याच दिवशी मॅडमनी मुलांचे लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावलं. प्रत्येकाला एकेका दाखल्याचं नाव चिठ्ठीवर दिलं आणि सांगितलं, जा, हा दाखला काढून आणा. आपण कोण आहोत ते सांगायचं नाही, ओळख काढायची नाही, मोबाईलवर शोधायचं नाही. लोक काढतात तसा काढायचा. स्नेहल तीन तास रांगेत उभी राहिली. खिडकीशी पोचली तर आतला माणूस म्हणाला, झेरॉक्स एकच आहे, दोन लागतात. झेरॉक्स काढून आली तर जेवणाची सुट्टी झाली होती. संध्याकाळी घरी आली ती लाल होऊन, पण खूश.

"आई, तुला माहितीये, बायका पोरांना कडेवर घेऊन उभ्या असतात! आणि दोन झेरॉक्स लागतात हे कुठेही लिहिलेलं नाही!"

मी भाकरी थापत होते. त्या रांगेत मी हिलाच कडेवर घेऊन उभी राहिले होते. दोन झेरॉक्सचं तर मी हिला दहा वेळा सांगितलं असेल. तेव्हा ती "हं" म्हणून फोन बघत बसायची. आता मॅडमनी सांगितल्यावर ते ज्ञान झालं. भाकरी मात्र त्या दिवशी जाड झाली.

मॅडमच्या रीती अशा एकेक करून मला कळत गेल्या. कोणी "युजर" म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. कोणी म्हणालंच, की युजर इथे बटण दाबेल, तर मॅडम मध्येच थांबवायच्या. "कोण दाबेल? नाव सांग. राहतो कुठे? चष्मा आहे का त्याला? घरात मोबाईल कोणाकडे असतो?" मुलाला तिथल्या तिथे एक माणूस उभा करावा लागायचा. दुसरा नियम, "सोप्पं आहे" असं म्हणणाऱ्याने त्या दिवशी सगळ्यांचे चहाचे कप धुवायचे. पहिल्या महिन्यात स्नेहलने इतके कप धुतले की मी म्हटलं, "घरी पण जरा म्हण की सोप्पं आहे." ती हसली नाही. तिने मला तो नियम पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितला.

त्यांच्या वर्गाजवळच्या एका कचेरीत एक जुने कारकून होते. कॉम्प्युटर आला तरी ते प्रत्येक अर्जाची नोंद हाताने एका मोठ्या वहीत करायचे. मुलं त्यांना हसायची. मॅडमनी हसणाऱ्या तिघांना, त्यात आमची बाई होतीच, आठवडाभर त्या कारकुनांच्या शेजारी स्टुलावर बसवलं. काम एकच दिलं. हा माणूस कशाला घाबरतो ते शोधून या. चौथ्या दिवशी ते आपणहून बोलले. पूर्वी एकदा मशीन बंद पडून महिन्याभराचे अर्ज गेले होते, आणि खुलासा त्यांना द्यावा लागला होता, मशीनला नाही. स्नेहलने घरी येऊन मला मॅडमचं वाक्य ऐकवलं. "टेबलावरचा माणूस कशाला घाबरतो ते कळल्याशिवाय त्याच्या टेबलावर काही ठेवू नये." वाक्य चांगलं होतं. मला ते चांगलं वाटलं याचाच राग आला.

दुकानात माझ्या शेजारी गुणाकाकी बसते. आमच्याच मालवणकडची, साठीची, विधवा. तिच्याजवळ मी एकदा बोलून गेले की स्नेहल हल्ली ओढणीसुद्धा "मॅडम पदर खोचतात तशी" म्हणून खोचते. काकी देठ मोडता मोडता म्हणाली, "गो, चेडू तुझा, पण आवस बदलल्यान मा?" मुलगी तुझी, पण तिने आई बदलली ना, असं. सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीचं म्हणून खपलं.

मग एका मार्चमध्ये त्या स्वतःच आल्या.

मार्च-एप्रिलमध्ये आमच्या गल्लीत बेगमीच्या मसाल्याची गर्दी असते. एक उंच, हडकुळी बाई, पांढरे केस कापलेले, मनगटाला तीन रबरबँड, हातात पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. बेडगी हातात घेऊन मोडून बघत होती. मालकाशी मोठ्या आवाजात हुज्जत घालत होती. मालक म्हणाला, "बाई, कोण आहात तुम्ही, हेल्थवाल्या?" ती म्हणाली, "तळपदे. गिरगाव. मला पाठारे प्रभूंचा मसाला करायचाय आणि तुम्ही मला ओली मिरची देताय." माझ्या हातातला देठ हातातच राहिला.

त्यांचं लक्ष आम्हा बायकांकडे गेलं. त्या चक्क पोत्यावर बसल्या. म्हणाल्या, आमच्या मुलांनी विधवा पेन्शनच्या अर्जासाठी कॉम्प्युटरवर एक नवीन सोय केली आहे, ती तुमच्यासारख्या कोणी वापरून बघायला हवी. येईल का कोणी? गुणाकाकीने माझ्याकडे बोट केलं. "ही येतली. हिका लिवाक-वाचाक येता." मी कोणाची आई ते मी सांगितलं नाही. काकीला डोळ्यांनी गप्प केलं. मला त्या बाईंना त्यांच्या जागी बसलेलं बघायचं होतं. त्यांच्यात काहीतरी खोट सापडेल अशी आशा होती.

ज्या दिवशी गेले त्या दिवशी हात तीन वेळा साबणाने धुतले. वर्गात पाऊल टाकलं आणि स्नेहलने मला बघितलं. ती पुढे यायला लागली, पण तिथे नियम होता. ज्यांनी काम केलं त्यांनी भिंतीशी उभं राहायचं, तोंड बंद, हात मागे. समोरचा माणूस अडला तरी मदत करायची नाही. त्यामुळे ती तशीच उभी राहिली. तिचे कान लाल झालेले मला लांबून दिसले.

मी नाव टाकलं. पत्ता टाकला. हळूहळू, पण जमलं. मग पडद्यावर आलं, अंगठा ठेवा. बाजूला एक छोटं मशीन होतं. ठेवला. "पुन्हा प्रयत्न करा." पुसून ठेवला. "पुन्हा प्रयत्न करा." पाच वेळा झालं. रेशनच्या दुकानातही माझा अंगठा लागत नाही. वर्षानुवर्षं मिरची मोडून त्याच्यावरच्या रेघा गेल्या आहेत. दुकानदार दर महिन्याला वैतागतो, आणि हे स्नेहलला तिच्या कॉलेजपासून माहीत आहे. पुढे जायला पडद्यावर दुसरी वाटच नव्हती. पंचवीस पोरं माझ्याकडे बघत होती. मला वाटलं जमीन फाटावी.

मॅडमनी विचारलं, "अंगठ्याशिवाय पुढे जाता येत नाही, हे कोणी ठरवलं?"

स्नेहलने हात वर केला.

"का?"

"सोप्पं..." ती थांबली. "सगळ्यांना जमेल असं वाटलं."

"या बाईंना नाही जमलं. या कोण आहेत माहीत आहे?"

"माझी आई आहे," स्नेहल म्हणाली.

मॅडम माझ्याकडे वळल्या आणि पटकन म्हणाल्या, "पण स्नेहल तर म्हणाली होती की आई घरीच असते." बोलल्यावर त्यांना कळलं, पण शब्द बाहेर पडले होते. ते मला लागले. स्नेहललाही लागले, ती खाली बघत होती.

मग मॅडमनी माझा हात हातात घेतला. अंगठा उताणा केला आणि मुलांना म्हणाल्या, "जवळ या. सगळ्यांनी नीट बघा. हा कामाचा अंगठा आहे. हा चुकलेला नाही." पोरं वाकून बघू लागली. मॅडमचा हात मऊ होता, कागदासारखा कोरडा. त्यांनी अपमान केला नाही, मान दिला, हे मला कळत होतं. तरी माझ्या मनात एकच होतं, की हा हात आज माझ्या मुलीने धरायला हवा होता. ती भिंतीशी, हात मागे बांधून. आणि धरला कोणी, तर हिने.

घरी आल्यावर स्नेहल काही बोलली नाही. मीही नाही. आमच्यात तसं बोलणं नाहीच. पुढचे आठ-दहा दिवस ती परळलाच जास्त वेळ थांबली.

रविवारी मी अर्धा किलो मसाला घेऊन मॅडमच्या गिरगावच्या घरी गेले. मनाला सांगितलं, आभार मानायला. खरं म्हणजे घर बघायला. तीन जिने, वर दोन खोल्या, एकटीच बाई. जुनी पाकिटं उलटी करून पुन्हा चिकटवलेली, त्यांचा ढीग. मला त्यांनी कोलंबीचं भुजणं वाढलं. त्यात मीठ जास्त होतं. काय आनंद झाला मला!

जेवताना म्हणाल्या, "तिने दुसरी वाट तयार केली. अंगठा लागला नाही तर खिडकीवरचा माणूस फोटो आणि ओळखीच्या साक्षीवर अर्ज पुढे पाठवेल. जबाबदारी कोणाची हेही लिहिलंय, म्हणजे तो घाबरणार नाही. सहा वेळा मोडून केलं. रडली पण बरं का."

"कुठे रडली?"

"इथेच. तुम्ही बसलाय तिथे."

माझी मुलगी माझ्यापायी रडली आणि ती इथे येऊन. मला ते तीन जिने चढून कळायचं!

आणि मग त्या सहज म्हणाल्या, "त्या पैशांची काळजी करू नको म्हणावं तिला. कायमची नोकरी लागली की सावकाश देईल."

"कोणते पैसे?"

मग त्यांना सांगावंच लागलं. कंपनीने नोकरीला घेताना स्नेहलकडून लिहून घेतलं होतं, की दोन वर्षांच्या आत सोडली तर शिकवणीचा खर्च म्हणून पन्नास हजार भरायचे. तिची डिग्रीची कागदपत्रंही त्यांनी ठेवून घेतली होती. मला ती म्हणाली होती, कंपनीने हसत सोडलं. निवडीच्या वेळी हे कळल्यावर पैसे मॅडमनी भरले होते. त्यांचं म्हणणं असं, की अशा कागदापायी चांगली मुलं सरकारी कामाकडे येतच नाहीत, निदान ही एक तरी येऊ दे.

मी पानावरून उठले. माझ्यासारखी बाई कोणाच्या घरी आवाज चढवत नाही, पण तेव्हा चढला. "ते मी देणार. दर महिन्याला दोन हजार. तिच्याकडून एक पैसा घ्यायचा नाही, आणि तिला सांगायचं नाही."

मला वाटलं होतं त्या म्हणतील, अहो कशाला, राहू द्या. तसं म्हणाल्या असत्या तर मला त्यांचा मनसोक्त तिरस्कार करता आला असता. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, परबबाई. पहिल्या रविवारी. सकाळी या, दुपारी मी झोपते."

मग मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जात राहिले. ते दोन हजार काढायला मी सकाळी दुकान आणि दुपारी एका घरी पोळ्या, असं करू लागले. स्नेहलला सांगितलं, दुपारी घरात बसून कंटाळा येतो. तिला खरं अजून माहीत नाही. मॅडम प्रत्येक वेळी पैसे मोजून घ्यायच्या, एकदाही संकोच केला नाही. मग चहा. मग माझ्या मुलीच्या बातम्या. आज तिने वरिष्ठांना तोंडावर सांगितलं की ही तारीख पाळता येणार नाही. ती बोलताना घाई करते, ते कमी झालंय. तिला वर्गातला एक मुलगा आवडत होता, आता नाही आवडत. मला यातलं काहीच माहीत नसायचं. मी मान डोलवायची, जणू माहीत आहे. आणि उतरताना प्रत्येक पायरीवर म्हणायची, तेवीस हप्ते राहिले, बावीस राहिले. मग मुलगी माझी.

एकदा मीही उट्टं काढलं. स्नेहल लहानपणी झोपेत गाणं म्हणायची ते मी मुद्दाम सांगितलं. मॅडमना हे ठाऊक नव्हतं. त्या पुढे सरकून बसल्या. "काय म्हणायची?" मी म्हटलं, "आता आठवत नाही." आठवत होतं. नाही दिलं त्यांना.

वर्ष संपल्यावर मुलं वेगवेगळ्या खात्यांत गेली. स्नेहल पेन्शनच्या खिडक्यांच्या कामातच राहिली. गुणाकाकीचा अर्ज अंगठ्याशिवाय पुढे गेला. तिचा पहिला हप्ता बँकेत आला तेव्हा तिने सगळ्या गल्लीला खाजं वाटलं. माझ्या हातावर ठेवताना म्हणाली, "तुझ्या चेडवान केल्यान हां." मी दिवसभर ताठ बसले. संध्याकाळी स्नेहलला सांगितलं तर ती म्हणाली, "मॅडमना कळवायला हवं." लगेच फोन लावला. मी खाज्याचा पुडा कपाटात टाकला.

पण हळूहळू तिचं "मॅडम म्हणतात" कमी झालं. नवीन काम, नवीन माणसं. मॅडमकडे जाणंही तिचं सुटत गेलं. जे हवं होतं तेच होत होतं. एका रविवारी मॅडमनी चहा ओतता ओतता विचारलं, "बरी आहे ना ती? तीन महिने आली नाही." त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना माझ्याकडून बातमी हवी होती. मी म्हटलं, "बरी आहे." एवढंच. जिना उतरून खाली आले, आणि कधी नाही ते परत वर चढले. दारातूनच सांगितलं, "तिला खात्यात कायम करणार आहेत. परवाच कळलं." आणि त्या काही म्हणायच्या आत निघून आले.

शेवटच्या रविवारी गेले तर घरात खोकी बांधलेली होती. इमारत रिकामी करायची होती. मॅडम कायमच्या भाचीकडे नाशिकला चालल्या होत्या. बसायला खुर्ची नव्हती, आम्ही दोन खोक्यांवर समोरासमोर बसलो. मी दोन हजार पुढे केले.

त्या म्हणाल्या, "हा शेवटचा हप्ता. आता तिला सांगायचं ना?"

या प्रश्नाची मी दोन वर्षं वाट बघत होते. सगळं मनात रचून ठेवलं होतं. मॅडम सांगणार, स्नेहल धावत घरी येणार, माझे हात धरणार. मी म्हटलं, "सांगा. तुम्हीच सांगा. तुमचं ती ऐकते."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "मी सांगितलं तर तेही माझंच होईल. पुरे झालं आता. तुम्ही सांगा."

"मला नाही हो बोलता येत."

"माझ्याशी दोन वर्षं बोललात की."

"ते भांडण होतं," मी म्हणून गेले.

मला वाटलं, आता रागावतील. त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की समोरच्या बिऱ्हाडातली बाई दारात आली. डोळे पुसत म्हणाल्या, "माहीत आहे मला. मग तिच्याशीही भांडा. मुलीशी भांडायला काय लागतं?"

मग त्यांनी चष्मा चढवला आणि नोटा मोजल्या. सगळ्या शंभराच्या होत्या, पोळ्यांच्या घरून मिळालेल्या. एका नोटेला पीठ लागलं होतं, ते त्यांनी झटकलं. मोजून झाल्यावर गठ्ठा पर्समध्ये ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. पहिल्यांदाच. वरून कठड्याला धरून त्या उभ्या होत्या, केस विस्कटलेले, साडीला खोक्यांची धूळ.

"परबबाई," त्या वरून ओरडल्या, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "पन्नास हजार पूर्ण मिळाले हो!"